वडिलांच्या कंपवातासाठी कवचबीज द्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६७ वर्षांचे. चार वर्षांपासून पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून तीनदा चालू आहे. गावाकडच्या एका नातेवाइकांनी कवचबीजाचं चूर्ण सकाळ-संध्याकाळ दुधातून द्यायला सांगितलं आहे. "गोळी म्हणजे केमिकल, हे नैसर्गिक, हळूहळू गोळी सुटेल," असं त्यांचं म्हणणं. मुलगी विचारते आहे की यामागे खरंच काही संशोधन आहे का, आणि चूर्ण सुरू करून गोळी बंद केली तर चालेल का.

ताई, मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे आणि गेली पंचवीस वर्षं कंपवाताचे रुग्ण पाहतो आहे. हा प्रश्न मला ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. म्हणून आधी उत्तर देतो, मग कारण सांगतो. गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नका आणि चूर्ण डॉक्टरांना न सांगता सुरू करू नका. पण तुमच्या नातेवाइकांचं म्हणणं सगळंच खोटं आहे असंही समजू नका. कवचबीजात जे आहे तेच तुमच्या वडिलांच्या गोळीत आहे. 'सारखंच' नव्हे, रेणूपातळीवर तंतोतंत तेच. एवढी एक गोष्ट समजली की बाकीचे निर्णय सोपे होतात.

कवचबीज म्हणजे खाजकुइलीचं बी. कोकणात, घाटात ज्यांचं बालपण गेलं त्यांना ही वेल वेगळी दाखवावी लागत नाही. शेंगेवर सोनेरी-तपकिरी मखमलीसारखी लव असते, हात लावावासा वाटतो, आणि लावला की पुढचा तासभर माणूस अंग ओरबाडत बसतो. मी सात-आठ वर्षांचा असताना कुंपणावरची शेंग तोडायला गेलो होतो. आजीने आधी शेणाने हात चोळला, मग राखेने. त्या लवेत म्युक्युनेन नावाचं प्रथिन तोडणारं एन्झाइम असतं. नेहमीची पित्ताची खाज हिस्टामिनमुळे येते, ही खाज येते ती त्वचेतल्या चेतातंतूंवरचे वेगळेच ग्राहक चाळवले गेल्यामुळे. म्हणून अ‍ॅलर्जीच्या गोळीने ती फारशी शमत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी याच लवेचा उपयोग करून खाजेचा हिस्टामिनविरहित मार्ग अभ्यासला. एकाच वेलीच्या शेंगेवरच्या लवेत एक औषधशास्त्र आणि बियांत दुसरंच.

आयुर्वेदात हिची नावं कपिकच्छू, आत्मगुप्ता, मर्कटी. भावप्रकाश निघंटूत ती वृष्य (कामशक्ती वाढवणारी), बृंहण (शरीर पुष्ट करणारी) आणि वातहर सांगितली आहे. वैद्य बी तसंच वापरत नाहीत. गाईच्या दुधात उकडून, वरचं टरफल काढून, वाळवून मग चूर्ण करतात. वातव्याधीतल्या माषबलादि क्वाथातही ती आहे. पण 'कपिकच्छू म्हणजे कंपवाताचं औषध' हे समीकरण आज आपण जितक्या सहज बोलतो तितकं ग्रंथांत ठळक नाही. ते ठळक झालं विसाव्या शतकात, प्रयोगशाळेत.

१९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी या दोघा संशोधकांनी कवचबीजातून एक अमिनो आम्ल वेगळं केलं: एल-डोपा, म्हणजेच लेव्होडोपा. त्या वेळी हा पदार्थ मेंदूच्या कामाचा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. शोधनिबंध छापून आला आणि जवळजवळ वीस वर्षं त्याचा कंपवाताशी कुणी संबंध लावला नाही.

तो संबंध लागला तो दुसऱ्या एका भारतीय वनस्पतीमुळे. ही गोष्ट मी प्रत्येक निवासी डॉक्टरला सांगतो, कारण तिचा एक पाय मुंबईत आहे. सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे झोप न येणं, उन्माद, डोकं फिरणं यांवर पूर्वापार दिलं जात होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात काम करणारे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा सर्पगंधेचा अनुभव १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर जगाचं लक्ष या मुळाकडे गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्यातून रिझर्पिन वेगळं काढलं, आणि १९५७ साली वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

रिझर्पिन रक्तदाब उतरवायचं, पण काही रुग्ण त्यावर मंदावत, चेहरा निर्विकार होई, हात थरथरू लागत. म्हणजे औषध घेऊन माणसाला कंपवातासारखं होत होतं, आणि औषध थांबवलं की बहुतेक जण पूर्ववत होत. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रिझर्पिन सशांना दिलं. ससे जागच्या जागी थिजले, कान खाली पडले. मग त्यांना डोपा टोचलं, आणि पंधरा मिनिटांच्या आत ससे कान उभारून हिंडू लागले. हे १९५७ सालचं. चेतापेशी आपले निरोप्ये रेणू बारीक पिशव्यांत भरून ठेवतात, आणि रिझर्पिन त्या पिशव्या भरणारा पंपच बंद पाडतं. पिशव्या रिकाम्या राहतात, त्यात डोपामाइनही गेलं. डोपामाइन हा स्वतंत्र निरोप्या आहे आणि हालचालीशी त्याचा थेट संबंध आहे, हे या थिजलेल्या सशांनी दाखवलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. सर्पगंधेने आजाराचं कुलूप दाखवलं आणि त्याची किल्ली खाजकुइलीच्या बियांत होती, असं मला नेहमी वाटतं.

पुढचं पाऊल व्हिएन्नात पडलं. ओलेह हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामाइन मोजलं. ते फार कमी झालेलं होतं. १९६० साली हे प्रसिद्ध झालं आणि लगेच १९६१ साली त्यांनी बिर्कमायर यांच्याबरोबर रुग्णांना शिरेतून लेव्होडोपा दिलं. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालली. असर काही तासच टिकला, पण दिशा सापडली. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे, हळूहळू वाढवत, मोठ्या मात्रेत डोपा देऊन ते रोजच्या वापरात आणण्याजोगं केलं.

वडिलांच्या मेंदूत नेमकं काय चाललं आहे हेही समजून घ्या. शवविच्छेदनात मध्यमेंदू आडवा कापला की निरोगी माणसात दोन्ही बाजूंना काजळाच्या रेघेसारखे दोन काळे पट्टे दिसतात. सब्स्टँशिया नायग्रा, शब्दशः काळा पदार्थ. कंपवाताच्या रुग्णात त्या रेघा पुसल्यासारख्या फिक्या असतात. मी विद्यार्थी असताना दोन काप शेजारी शेजारी ठेवून आम्हाला दाखवले होते, आणि सूक्ष्मदर्शक न लावताही फरक कळत होता. या पेशी डोपामाइन बनवतात. हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त गेलेल्या असतात. उरलेल्या पेशींत अल्फा-सिन्यूक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात, त्यांना ल्यूई बॉडीज म्हणतात. पेशींची ऊर्जा बनवणारी मायटोकाँड्रिया मंदावतात. काही कुटुंबांत जनुकदोष सापडतो, बहुतेकांत सापडत नाही.

आता 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' या समजाबद्दल. डेरिस नावाच्या वेलींच्या मुळांत रोटेनोन असतं. मासे मारायला ही मुळं पूर्वापार वापरली जात. हेच रोटेनोन उंदरांना दीर्घकाळ दिलं की मायटोकाँड्रिया बंद पडून त्यांच्या मेंदूतल्या नेमक्या याच काळ्या पेशी मरतात. २००० साली हे दाखवलं गेलं आणि आज जगभर कंपवाताच्या संशोधनासाठी उंदरांत हा आजार मुद्दाम निर्माण करायला ते वापरतात. वनस्पतीतला रेणू कंपवात आणू शकतो आणि वनस्पतीतलाच रेणू त्याची लक्षणं उतरवू शकतो. रेणू कुठून आला हे शरीर पाहत नाही. तो काय करतो आणि किती आहे एवढंच महत्त्वाचं.

म्हणून आता 'किती' याकडे येऊ. तुमच्यासाठी या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

डोपामाइन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरतं. पण तोंडावाटे घेतलेल्या लेव्होडोपाचा मोठा भाग आतड्यात आणि यकृतातच डोपामाइन होऊन वाया जातो. शिवाय ते बाहेर तयार झालेलं डोपामाइन मळमळ, उलट्या करतं आणि उभं राहिल्यावर रक्तदाब पाडतं. कार्बिडोपा ही वाटेतली गळती थांबवतं. ते स्वतः मेंदूत जात नाही, म्हणून मेंदूत डोपामाइन बनायला अडथळा येत नाही. कार्बिडोपा नसेल तर तोच परिणाम मिळवायला साधारण चार-पाच पट लेव्होडोपा लागतं.

आता चमच्याचा हिशेब करू. बियांत लेव्होडोपाचं प्रमाण साधारण ४ ते ६ टक्के धरतात, जातीप्रमाणे आणि ठिकाणाप्रमाणे ते याच्या खालीही जातं, वरही. पाच टक्के धरलं तर पाच ग्रॅम चूर्णात, म्हणजे साधारण एका चमच्यात, २५० मिलिग्रॅम लेव्होडोपा. जो माणूस कार्बिडोपा घेत नाही त्याच्यासाठी हा चमचा ५०-६० मिलिग्रॅमच्या गोळीइतकाच. म्हणजे थोडा. पण तुमच्या वडिलांच्या पोटात कार्बिडोपा आधीच आहे. गळती बंद झालेल्या शरीरात तोच चमचा त्यातल्या बऱ्याचशा लेव्होडोपासकट मेंदूपर्यंत पोचतो. १०० मिलिग्रॅमच्या एका गोळीवर असलेल्या माणसाला तुम्ही आणखी दोन गोळ्या दिल्यासारखं होऊ शकतं. शेजारच्या काकांना चमचाभर चूर्णाने काहीच झालं नाही म्हणून तुमच्या वडिलांनाही होणार नाही, असं म्हणता येत नाही ते यामुळे.

एक रुग्ण सांगतो. साताऱ्याकडचे निवृत्त एसटी ड्रायव्हर, स्वभावाने अगदी शिस्तीचे. गोळीनंतर तासाभरात त्यांची मान आणि खांदे लाटेसारखे हलायला लागत. जास्त डोपामाइनमुळे होणाऱ्या या हालचालींना डिस्कायनेशिया म्हणतात. रात्री त्यांना खोलीत लहान मुलं उभी दिसत. मी दोनदा गोळी कमी केली, तरी फरक पडेना. तिसऱ्या खेपेला सूनबाई आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून स्टीलची डबी काढून टेबलावर ठेवली. "डॉक्टर, हे पण चालू आहे, सांगायचं राहिलं." आठ महिने दोन वेळा, भरून चमचा, दुधातून. घरच्यांनी लपवलं नव्हतं, त्यांच्या लेखी ते औषधच नव्हतं, पौष्टिक चूर्ण होतं. आणि मी विचारलं नव्हतं. 'दुसरं कुठलं औषध?' असं विचारलं होतं, 'कुठलं चूर्ण, काढा, पूड?' असं नाही. चूर्ण दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करून थांबवलं, तेव्हा मान स्थिर झाली आणि मुलं दिसायची थांबली. त्या दिवसापासून मी प्रत्येक रुग्णाला स्वयंपाकघरातल्या डब्यांबद्दल विचारतो.

तुम्ही संशोधनाबद्दल विचारलं आहे. कवचबीजावर माणसांमध्ये अभ्यास झाले आहेत आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. १९७८ साली डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांना कवचबीज देऊन निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९५ साली एचपी-२०० नावाच्या प्रमाणित चूर्णाचा बहुकेंद्री अभ्यास आला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका भारतीय अभ्यासात १८ रुग्णांना दुधातून कवचबीज, खुरासानी ओवा, अश्वगंधा आणि बला यांचं मिश्रण दिलं. मोजल्यावर एका मात्रेत २०० मिलिग्रॅम लेव्होडोपा निघालं, आणि ज्या रुग्णांचं आधी शोधन, म्हणजे आयुर्वेदिक शरीरशुद्धी, झालं होतं त्यांना जास्त फायदा दिसला. खुरासानी ओव्यातली अल्कलॉइडं कंप कमी करणाऱ्या जुन्या अँटिकोलिनर्जिक औषधांच्याच कुळातली. तो योग ज्याने कुणी बांधला, त्याची नजर तयार होती.

सगळ्यात जास्त उद्धृत होतो तो लंडनमधला २००४ सालचा अभ्यास. रुग्ण फक्त आठ, पण रचना काटेकोर: कोणाला काय दिलं हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरलाही. ३० ग्रॅम चूर्णाचा असर सरासरी ३५ मिनिटांत सुरू झाला, नेहमीच्या गोळीचा ६९ मिनिटांत. चूर्णाचा चांगला काळ ३७ मिनिटांनी जास्त टिकला आणि नको त्या हालचाली वाढल्या नाहीत. हे वाचून कुणालाही वाटेल की मग गोळी कशाला? पण तो एकेका मात्रेचा प्रयोग होता. रोज घेतलं तर काय होतं, हे इटलीच्या संशोधकांनी बोलिव्हियातल्या रुग्णांत पाहिलं, जिथे गोळ्या परवडत नाहीत. आधी १८ रुग्णांत एका मात्रेचा निकाल छान आला. मग सोळा आठवड्यांच्या अभ्यासात १४ रुग्णांपैकी सात जणांनी चूर्ण मध्येच सोडलं: चौघांनी पोटाच्या त्रासामुळे, तिघांनी हालचाल बिघडत गेल्यामुळे. हे दोन्ही निकाल एकाच टीमने प्रामाणिकपणे छापले, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. दुर्दैवाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो पहिलाच.

दुसरी अडचण डब्यावरच्या लेबलची. २०२२ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कवचबीजाच्या १६ पूरक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. शिफारस केलेल्या एका मात्रेत लेव्होडोपा २ मिलिग्रॅमपासून २४१ मिलिग्रॅमपर्यंत होतं. गोळीत अर्ध्याचा फरक पडला तर दिवस बिघडतो अशा आजारात, एका डबीतून दुसऱ्या डबीवर जाताना एवढा फरक म्हणजे रोज अंधारात पायरी उतरण्यासारखं आहे. आठवडी बाजारातल्या सुट्या बियांबद्दल तर बोलायलाच नको.

आणि आजार थांबतो का? नाही. कवचबीजाने थांबत नाही, गोळीनेही थांबत नाही. उंदरांमध्ये बियांची पूड तेवढ्याच शुद्ध लेव्होडोपापेक्षा सरस ठरल्याचे, पेशींचं रक्षण झाल्याचे अहवाल आहेत आणि ते अभ्यासायला हवेत. बीत लेव्होडोपाशिवाय आणखी काय काम करतं हा खरा, उघडा प्रश्न आहे, आणि आपल्याकडच्या प्रयोगशाळांनी तो हातात घ्यावा असं मला मनापासून वाटतं. पण कंपवाताची वाटचाल माणसात रोखतं असं सिद्ध झालेलं कुठलंही औषध आज जगात नाही. 'मुळापासून बरं करतो' म्हणणाऱ्याकडे पैसे भरण्याआधी हे वाक्य पुन्हा वाचा.

आता तुमच्या घरापुरतं सांगतो. गोळी अचानक बंद करणं धोक्याचं आहे. अंग लाकडासारखं ताठ होऊन, जोराचा ताप येऊन, माणूस आयसीयूत पोचतो. मी असे रुग्ण पाहिले आहेत. चूर्ण द्यायचीच इच्छा असेल तर वडिलांच्या डॉक्टरांना आणि एखाद्या पदवीधर वैद्यांना, दोघांनाही एकमेकांची औषधं दाखवा. लेव्होडोपाचं प्रमाण छापलेलं आणि तपासलेलं उत्पादन असेल तरच त्याचा विचार करता येतो, आणि मग गोळीची मात्रा त्या हिशेबाने डॉक्टर ठरवतील. वडिलांना भास होत असतील, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल किंवा सेलेजिलिन, रासाजिलिन अशी औषधं चालू असतील तर चूर्णाला माझा स्पष्ट नकार आहे. मळमळ झाली म्हणून दुकानातून मेटोक्लोप्रमाइड आणू नका, आणि चक्कर येते म्हणून सिनारिझिन नको. ही दोन्ही औषधं डोपामाइनचीच वाट अडवतात आणि कंपवात वाढवतात. डॉक्टरांना विचारून डॉम्पेरिडोन घेता येतं, मात्र हृदयाचा त्रास असेल तर तेही आधी सांगा.

एक साधी गोष्ट आजपासूनच करता येईल. लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरतं ते अमिनो आम्लांच्याच दारातून. त्याच वेळी पोटात दूध, डाळ, पनीर, अंडं असेल तर त्यांतल्या प्रथिनांपासून सुटलेल्या अमिनो आम्लांची दारात गर्दी होते आणि औषध मागे राहतं. त्यामुळे 'दुधातून द्या' हा सल्ला या एका बाबतीत उलटा पडतो, चूर्णालाही आणि गोळीलाही. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, साध्या पाण्याबरोबर द्या. मळमळलं तर सोबत एखादं बिस्किट किंवा थोडे कुरमुरे चालतील. वडिलांचं दूध बंद करू नका, फक्त वेळ हलवा.

आणि एक वही करा. गोळी किती वाजता दिली, असर किती वाजता जाणवला, किती वाजता 'उतरली', अंग कधी जास्त हललं, एवढंच आठवडाभर लिहा. पुढच्या भेटीला ती वही आणि नातेवाइकांनी दिलेली चूर्णाची डबी, दोन्ही सोबत न्या.